हाताने हलवलेले राक्षस : जुने विज्ञानपट, अजस्र प्राणी आणि आपले कोल्हापूर

कंदीलबत्ती (धागाकर्ता)

कोल्हापूरच्या सिनेमाविषयी बोलणे निघाले की आपण बाबूराव पेंटरांपासून सुरुवात करतो, प्रभात पुण्याला गेल्याची हळहळ व्यक्त करतो आणि भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांपाशी येऊन थांबतो. त्या इतिहासाचा मला अभिमान आहेच. परंतु याच गावात वाढलेल्या माझ्यासारख्या अनेकांचा जीव चित्रपटावर पहिल्यांदा जडला तो एका अवाढव्य वानरामुळे, समुद्रातून वर येणाऱ्या सरड्यामुळे आणि जमिनीतून तलवारी घेऊन उगवणाऱ्या सापळ्यांमुळे. लक्ष्मीपुरीच्या टॉकीजमधले रविवार सकाळचे इंग्रजी खेळ आणि पुढे भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेट, या मार्गांनी हे चित्रपट आमच्यापर्यंत मूळ प्रदर्शनानंतर वीस-तीस वर्षांनी पोहोचले. प्रिंट झिजलेली असे, संवाद निम्मे कळत नसत, तरी त्या प्राण्यांनी घातलेली भुरळ आजही उतरलेली नाही.

ही ओढ म्हणजे निव्वळ बालपणाची आठवण आहे, असे म्हणून विषय मिटवला जातो, ते मला मान्य नाही. त्याच वयात पाहिलेले कितीतरी चित्रपट आज पाहवत नाहीत. 1933 चा 'किंग काँग' मात्र मी आजही डोळे न हलवता पाहतो, आणि त्याचे कारण पडद्यावरच आहे असे मला वाटते. विलिस ओब्रायन यांनी हलवलेला काँग बहुतेक दृश्यांत जेमतेम दीड फूट उंचीची बाहुली होती. मार्सेल डेलगाडो यांनी आत धातूचा सांगाडा घालून, त्यावर कापूस आणि रबर यांचे स्नायू चढवून, वरून सशाचे कातडे शिवून ती तयार केली होती. बाहुली किंचित हलवायची, एक चौकट (फ्रेम) टिपायची, पुन्हा किंचित हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी हे चोवीस वेळा करायचे. प्रत्येक वेळी बोटे लागल्यामुळे काँगच्या अंगावरचे केस विस्कटत, आणि चित्रपट चालू झाला की ते सतत सळसळताना दिसत. डेलगाडो यांना हा दोष उघडा पडेल याची धास्ती होती, पण स्टुडिओच्या अधिकाऱ्यांना वाटले की संतापाने त्याचे केस उभे राहत आहेत. मला ही हकिकत फार मोलाची वाटते, कारण त्या सळसळीत ओब्रायन यांची बोटे अक्षरशः उमटलेली आहेत. नव्वद वर्षांनंतरही आपण एका माणसाचा स्पर्श पाहत असतो.

तो 'किंग काँग' 1933 साली लॉस एंजेलिसमध्ये पाहून तेरा वर्षांचा एक मुलगा झपाटला. पुढे तोच, अशाच बाहुल्या हलवून चित्रपटांतले राक्षस जिवंत करणारा रे हॅरीहाउझन झाला. 1963 च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मधली सात सापळ्यांची लढाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी वेगळे काही सांगायला नको. तीन माणसे सात सापळ्यांशी लढतात. माणसांचे चित्रण आधी झालेले असते आणि सापळे नंतर एकट्या माणसाने त्या चित्रणाशी जुळवत हलवलेले असतात. तलवारीला तलवार नेमकी भिडली पाहिजे, ढालीवर घाव नेमका बसला पाहिजे. या काही मिनिटांच्या दृश्याला साडेचार महिने लागले, आणि काही दिवशी तर दिवसभराच्या कामातून तेराच चौकटी हाती येत, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक.

माझे म्हणणे असे आहे की ही मेहनत, तिच्याविषयी काहीही ठाऊक नसताना, प्रेक्षकाला जाणवते. आणि कोल्हापुरात ती अधिक जाणवते, कारण या गावाने सिनेमा विकत आणला नाही, तो घडवला. बाबूराव आणि आनंदराव या पेंटर बंधूंनी परदेशी यंत्राचा अभ्यास करून कॅमेरा स्वतः तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 साली गेले, तरी बाबूरावांनी काम सोडले नाही, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी त्या स्वदेशी कॅमेऱ्यावर उभी राहिली. 1920 च्या 'सैरंध्री'त त्यांनी कीचकवधाचे दृश्य इतके खरे उतरवले की प्रेक्षक भयभीत झाले आणि त्या दृश्यावर आक्षेप घेतला गेला. ओब्रायनच्या काँगआधी तेरा वर्षे आपल्या गावातला एक चित्रकार पडद्यावर भय घडवत होता.

सदस्यांनी आपापले अनुभव आणि मते सविस्तर लिहावीत, अशी विनंती आहे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

धागा अत्यंत आवडला. तरी एक शंका मांडतो. मला त्या वेळी कारागिरी जाणवली, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. मला अंधार जाणवला, शेजारी बसलेल्या थोरल्या भावाचा हात जाणवला, आणि पाचशे-सहाशे माणसे एकाच क्षणी श्वास रोखतात तेव्हा होणारी शांतता जाणवली. तोच चित्रपट एकट्याने मोबाइलवर पाहिला तर तसे भय वाटत नाही. त्यामुळे आपण ज्याला मुकलो आहोत ते टॉकीज आहे, बाहुली नव्हे, असे मला वाटते. एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद झाली, त्याबरोबर ते सामुदायिक भयही गेले.

उद्यमनगर_लेथ

कंदीलबत्ती साहेब, आपण बाहुलीच्या आतल्या सांगाड्याचा उल्लेख एका वाक्यात केलात. त्यावर थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेतो, कारण माझी सारी हयात शिवाजी उद्यमनगरात यंत्रांच्या सहवासात गेली आहे आणि या चित्रपटांवरचे माझे प्रेम त्याच दारातून आत आले.

त्या सांगाड्याचे मर्म बॉल-सॉकेट सांध्यात असते. पोलादी गोळी दोन पट्ट्यांमधल्या खाचांत बसवायची आणि मध्ये स्क्रू घालून पट्ट्या आवळायच्या. हा आवळ नेमका किती असावा, यातच सगळे कौशल्य आहे. सांधा सैल राहिला तर हात स्वतःच्या वजनाने खाली येतो आणि पडद्यावर तो हात थरथरतो. सांधा फार आवळला तर खांदा हलवायला जोर लावावा लागतो आणि त्या जोराने पायाची जागा सुटते. पाय सुटू नयेत म्हणून टेबलाला भोके पाडून खालून स्क्रूने तळवे पक्के करतात, आणि पाऊल उचलले की जुने भोक बुजवून पुढच्या भोकात ते कसतात. बाहुली आधीच्या चौकटीत कोठे होती हे कळावे म्हणून ओब्रायन आणि हॅरीहाउझन यांच्या परंपरेतले लोक सरफेस गेज वापरत. आपल्याकडे प्रत्येक मशीनशॉपमध्ये मार्किंगसाठी जो सरफेस गेज असतो, तोच. त्याचे टोक बाहुलीच्या नाकाला लावून ठेवायचे, बाहुली हलवायची, नाक टोकापासून किती सरकले ते पाहायचे, आणि चौकट टिपण्यापूर्वी गेज बाजूला घ्यायचा.

हॅरीहाउझन यांचे वडील फ्रेड हे मशिनिस्ट होते. मुलाने चित्र काढून द्यायचे आणि वडिलांनी त्याप्रमाणे सांधे घडवून द्यायचे, असे त्या घरात कितीतरी वर्षे चालले. आई मार्था बाहुल्यांचे कपडे शिवून देत असे. जगभरातली मुले ज्या राक्षसांना घाबरली त्यांची हाडे एका बापाने लेथवर घडवली होती, हे जेव्हा मला प्रथम कळले तेव्हा मी फार हेलावलो. आमच्याकडे ऑइल इंजिनांचे भाग करणारी माणसे गणेशोत्सव जवळ आला की रात्री जागून राजारामपुरीच्या मंडळांसाठी तांत्रिक देखावे करतात. वायपर मोटर, क्रँक, कॅम, वेल्डिंग केलेला सांगाडा, त्यावर फोम आणि कापड, आणि मग तो राक्षस मान वळवतो, डोळे फिरवतो, जबडा उघडतो. समोरच्या गर्दीतले प्रत्येक मूल घाबरते आणि त्याच वेळी वाकून खालची मोटर शोधते. शाहूपुरीकर साहेबांचे टॉकीजविषयीचे म्हणणे मला पटते, परंतु हे वाकून पाहणेही तितकेच खरे आहे. घाबरणे आणि 'हे कसे केले असेल' असा प्रश्न पडणे, या दोन्ही गोष्टी मुलाच्या मनात एकदमच घडतात.

तेजोमेघ

चर्चा अमेरिकन बाहुल्यांभोवती फिरते आहे, म्हणून जपानकडे लक्ष वेधते. माझ्या मते राक्षसपटांतला सर्वांत गंभीर चित्रपट 1954 चा मूळ 'गोजिरा' (म्हणजे गॉडझिला) आहे, आणि त्याविषयी बोलताना केवळ कारागिरीची चर्चा करणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी नौकेवरच्या 23 जणांवर त्या स्फोटाची किरणोत्सारी राख पडली. नौकेवरचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा 23 सप्टेंबरला मृत्यू पावले, आणि 3 नोव्हेंबरला 'गोजिरा' प्रदर्शित झाला. चित्रपटाच्या आरंभीच समुद्रात लख्ख उजेड पडतो आणि एक नौका नाहीशी होते. हे दृश्य पाहणाऱ्या जपानी प्रेक्षकाला ते काय आहे हे सांगावे लागत नव्हते. हिरोशिमा आणि नागासाकीला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. गोजिरा गेल्यानंतर कॅमेरा रुग्णालयात जातो, जमिनीवर ओळीने ठेवलेल्या जखमींवरून फिरतो, किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र एका लहान मुलासमोर धरले जाते. दिग्दर्शक ईशिरो होंडा युद्धातून परतताना हिरोशिमाची राख स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेले होते. अशा माणसाने काढलेल्या चित्रपटाला आपण 'रबरी सूट घातलेल्या माणसाचा चित्रपट' म्हणून बाजूला ठेवतो, याचे मला वाईट वाटते.

भारतात आपल्याला बहुधा त्याची 1956 ची अमेरिकन आवृत्ती किंवा त्यानंतरचे मुलांसाठीचे भागच पाहायला मिळाले. अमेरिकन आवृत्तीत रेमंड बर हा नट घुसडून मूळ चित्रपटातला बराच भाग काढून टाकला होता. मूळ चित्रपट जपानी भाषेत, उपशीर्षकांसह पाहावा, असा माझा आग्रह आहे.

कंदीलबत्ती (धागाकर्ता)

तेजोमेघ ताई, आपल्या प्रतिसादाने धाग्याला जी खोली आली तिच्याबद्दल मनापासून आभार. आपला एक शब्दही मी नाकारत नाही. तरीही त्या चित्रपटातला शोक आपल्यापर्यंत पोहोचतो तो कारागिरीच्याच वाटेने, एवढे मात्र मला आवर्जून म्हणायचे आहे.

'गोजिरा'ची ट्रिकदृश्ये करणारे एइजी त्सुबुराया यांना 'किंग काँग' पाहूनच या कामाची ओढ लागली होती, आणि गोजिराही बाहुली हलवून करण्याची त्यांची इच्छा होती. तसे केले तर काही वर्षे लागली असती आणि हाती काही महिनेच होते, म्हणून माणसाला सूट घालण्याचा मार्ग त्यांनी निवडला. सुरुवातीचा सूट सुमारे 100 किलो वजनाचा होता. आत हारुओ नाकाजिमा होते, त्यांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलांची चाल अभ्यासली होती, आणि दिव्यांच्या उष्णतेत त्या सुटातून घाम निथळून काढावा लागे. गोजिरा पडद्यावर जे जडशीळ पाऊल टाकतो त्यात खरे ओझे आहे.

आता गणिताकडे येतो, कारण ते मला फार सुंदर वाटते. कथेतला गोजिरा 50 मीटर उंच आहे आणि सुटातला माणूस सुमारे 2 मीटर, म्हणून शहराच्या प्रतिकृती 1:25 या प्रमाणात केल्या गेल्या. पण प्रतिकृती लहान केली तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. एक मीटर उंचीची खोटी इमारत अर्ध्या सेकंदातच जमिनीवर येते, आणि डोळ्याला लगेच कळते की हे खेळणे आहे. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. 25 चे वर्गमूळ 5, म्हणून तत्त्वतः कॅमेरा नेहमीच्या पाचपट वेगाने चालवला आणि नंतर चित्रफीत नेहमीच्या वेगाने दाखवली, तर ती इमारत खऱ्या इमारतीइतक्या सावकाश कोसळते. प्रत्यक्षात प्रत्येक दृश्यासाठी वेग वेगवेगळा ठेवला जाई, पण मागचे तत्त्व हेच आहे. टोकियो कोसळताना आपल्या छातीवर जे दडपण येते ते या वर्गमुळातून आलेले असते.

आवाजाचेही तेच आहे. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून डबल बास या वाद्याच्या तारा सैल करून त्यांवरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढला गेला, आणि ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून त्यातून गोजिराची डरकाळी निघाली. कोणत्याही प्राण्याचा आवाज वापरून पाहिला तरी तो ओळखू येत होता. चामडे आणि तार यांच्या घर्षणातून निघालेल्या त्या आवाजात राग आहे आणि वेदनाही आहे, आणि आपण म्हणता तो शोक मला तेथे सर्वाधिक ऐकू येतो.

मूकपटप्रेमी

धागाकर्त्यांनी 'सैरंध्री'चा उल्लेख केला, त्याच सूत्रात आणखी मागे जाता येईल. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी, 1912 साली, कुंडीत वाटाणा पेरून त्याचे रोप वाढताना चौकटी-चौकटीने टिपले होते. भांडवल देणाऱ्यांना या नव्या कलेची शक्ती पटावी म्हणून केलेला तो प्रयोग होता. थांबून-थांबून चौकट टिपण्याचे तंत्र आपल्याकडे असे भारतीय चित्रपटाच्या जन्मापासूनच आहे. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली आणि पाण्याखाली कालियाशी झुंज दिली. त्या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने उपलब्ध आहे. तो कोणी राक्षसपट म्हणून पाहत नाही, पण पाण्यातला अजस्र सर्प आणि त्याच्याशी लढणारे मूल यांना दुसरे काय म्हणावे?

प्रभातचा कोल्हापुरातला काळ, म्हणजे 1 जून 1929 च्या स्थापनेपासून 1933 च्या स्थलांतरापर्यंतचा काळ, या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. 'माया मच्छिंद्र' हा 1932 चा चित्रपट नाथपंथी चमत्कारांवर आधारलेला आहे आणि त्यातली ट्रिकदृश्ये त्या काळी मोठे आकर्षण होती. मुंबईत पुढे हीच वाट बाबूभाई मिस्त्री यांनी चालवली. 1937 च्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणूस दाखवायचा होता, तेव्हा त्यांनी काळ्या पार्श्वभूमीपुढे काळ्या धाग्यांनी वस्तू हवेत हलवल्या आणि त्या कामामुळे ते 'काला धागा' या नावानेच ओळखले जाऊ लागले. पुढे पौराणिक आणि अद्भुत चित्रपटांच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या कौशल्यावर उभ्या राहिल्या. पश्चिमेत जी कला विज्ञानपटाच्या नावाने वाढली ती आपल्याकडे पुराणकथेच्या नावाने वाढली. म्हणून कोल्हापूरच्या प्रेक्षकाला सात सापळ्यांचे दृश्य परके वाटले नाही, असे माझे मत आहे. त्याच्या आजोबांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या पटांत असेच काही पाहिलेले होते.

एका गोष्टीची मात्र सल आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज अस्तित्वात नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, ती झपाट्याने पेट घेते, आणि पेटली नाही तरी दमट हवेत चिकट होऊन नष्ट होते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली स्थापन झाले, तोपर्यंत फार काही हातचे गेले होते. 'मेट्रोपोलिस' या 1927 च्या जर्मन विज्ञानपटाचा हरवलेला मोठा भाग 2008 साली ब्युनोस आयर्सच्या संग्रहालयात सापडला, तेव्हापासून मी आशा सोडलेली नाही. कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पत्र्याचे गोल डबे असतील, तर ते उन्हात किंवा दिव्याजवळ उघडू नयेत आणि भंगारातही देऊ नयेत. संग्रहालयाशी संपर्क साधावा.

पिक्सेल_पंचगंगा

मी या धाग्यावर वयाने बहुधा सर्वांत लहान आहे, म्हणून दुसरी बाजू मांडण्याचे धाडस करतो. माझ्या पिढीचा पहिला राक्षस म्हणजे 'जुरासिक पार्क'मधला टी-रेक्स. 1994 साली तो हिंदीत आला आणि प्रथमच आमच्या घरातल्या आजीसह सर्वांनी मिळून एक हॉलिवूडपट पाहिला, असे माझे वडील सांगतात. मी तो नंतर दूरचित्रवाणीवर पाहिला. मी स्वतः पुण्यात दृश्यपरिणामांच्या क्षेत्रात काम करतो, आणि संगणकाने हात संपवले, असा सूर मला येथे जाणवतो, तो मला सलतो.

त्या चित्रपटात डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ती दृश्ये एकत्र केली तर पंधराएक मिनिटांचीच होतात, आणि त्यांतला निम्म्याहून अधिक भाग स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत बनवलेल्या यांत्रिक प्राण्यांचा आहे. उरलेल्या संगणकीय भागातही फिल टिपेट यांच्यासारखे बाहुली हलवणारे जुने कलावंत होते. त्यांच्यासाठी सांध्यांत संवेदक बसवलेला सांगाडा तयार केला गेला. कलावंताने तो हाताने हलवायचा आणि ती हालचाल संगणकात उतरवून घ्यायची. आजही आम्ही एखाद्या प्राण्याची चाल करताना वजन कोणत्या पायावर आहे, मान आधी वळते की डोळे आधी वळतात, याचा विचार रात्र-रात्र करतो. वाईट काम होते ते घाईमुळे होते, आणि जुन्या काळीही घाईत केलेले वाईट राक्षसपट ढिगाने होते. आपण आज त्यांतले उत्तम तेवढेच आठवतो आहोत.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

पिक्सेल, तुमचा शेवटचा मुद्दा अगदी योग्य आहे. अर्थात काही साधे, कमी खर्चात केलेले चित्रपटही लोकांनी मनात जपले आहेत. रामसे बंधूंचा 1984 चा 'पुराना मंदिर' घ्या. आपल्या महाराष्ट्राच्या घाटांतले धुके, पडके वाडे आणि मेकअपमधला सामरी हा राक्षस, एवढ्या सामग्रीवर त्यांनी गावोगावची तंबू थिएटरे भरली. रामसेंकडे सगळी भावंडे मिळून दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी सांभाळत. त्यालाही घरगुती कारखानाच म्हणावे लागेल.

कंदीलबत्ती (धागाकर्ता)

पिक्सेल, संगणकाविषयी माझ्या मनात अढी नाही. आपल्या प्रतिसादातली जी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती म्हणजे 'वजन कोणत्या पायावर आहे'. ओब्रायन यांनाही हाच प्रश्न पडलेला होता. माझी तक्रार आहे ती, ज्या चित्रपटांत हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो, त्यांच्याविषयी.

मात्र एका फरकावर मी ठाम आहे. बाहुली हलवणारा मागे जाऊ शकत नव्हता. चौकट टिपली की टिपली. दुपारी तीन वाजता हात चुकला तर सकाळपासूनचे सगळे काम वाया. त्यामुळे त्या प्रत्येक चालीत एक जोखीम आहे, एखाद्या गवयाने प्रत्यक्ष मैफलीत घेतलेल्या तानेत असते तशी, आणि किंचित धक्के खात चालणाऱ्या त्या प्राण्यांकडे पाहताना मला ती जोखीम दिसते. गुळगुळीत हालचालीत ती दिसत नाही, मग त्यामागचे श्रम कितीही मोठे असोत.

वाचनकट्टा_मंगळवार_पेठ

मी शिक्षिका आहे आणि सुटीत पेठेतल्या मुलांसाठी वाचनकट्टा चालवते. कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा यंदा मुलांना वाचून दाखवल्या, त्या त्यांना मनापासून आवडल्या. त्यानंतर जुने विज्ञानपट दाखवावेत असे मनात होते आणि हा धागा वाचून ते पक्के झाले. मुले दहा ते तेरा वर्षांची आहेत. काय दाखवावे, आणि कृष्णधवल चित्रपट पाहायला ती तयार होतील का, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

तेजोमेघ

ताई, 'गोजिरा' या वयाला दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णालयातली दृश्ये त्यांना जड जातील. त्याऐवजी 1951 चा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' दाखवावा. त्यात परग्रहवासी क्लाटू एका लहान मुलाशी मैत्री करतो, त्यामुळे मुलांना चित्रपटात शिरायला वाट मिळते. बर्नार्ड हरमन यांनी त्याच्या संगीतात थेरेमिन हे वाद्य वापरले आहे, ज्याला हात न लावता, केवळ हवेत हात हलवून वाजवतात. चित्रपटाआधी मुलांना त्या वाद्याचे ध्वनिचित्रण दाखवले तर ती पुढचा प्रत्येक सूर कान देऊन ऐकतील.

कंदीलबत्ती (धागाकर्ता)

कृष्णधवलाची काळजी करू नये. मुलांना रंगांच्या अभावाचा कंटाळा येत नाही, लांबलचक संवादांचा येतो. 'किंग काँग'चा पहिला भाग संथ आहे आणि त्यात बेटावरच्या आदिवासींचे जे चित्रण आहे ते आज आक्षेपार्ह वाटते. त्याविषयी मुलांशी आधी बोलावे किंवा काँग आणि टी-रेक्स यांच्या झुंजीचा भागच निवडावा. सुरुवात मी 'जेसन'च्या सापळ्यांपासून करीन, कारण तो रंगीत आहे आणि त्या दृश्यात बोलणे जवळजवळ नाहीच. त्याच बैठकीत 'कालिया मर्दन'मधली पाण्यातली झुंज दाखवावी. एक चित्रपट ग्रीक पुराणातला, दुसरा आपल्या पुराणातला, दोहोंमध्ये चव्वेचाळीस वर्षांचे अंतर, आणि दोन्हींत एकच प्रश्न: हे केले कसे? तो प्रश्न मुले विचारेपर्यंत आपण उत्तर देऊ नये.

उद्यमनगर_लेथ

ताई, त्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतःच्या हाताने शोधावे, यासाठी मी एका रविवारी येईन. चौकटी-चौकटीने चित्रण करणारी मोफत ॲप कोणत्याही साध्या मोबाइलवर मिळतात. सेकंदाला बारा चौकटी धरल्या तरी काम चालते, म्हणजे दहा सेकंदांच्या चित्रफितीला 120 छायाचित्रे लागतील आणि पाच-सहा मुलांच्या गटाला ती एका दुपारी सहज जमतील. मोबाइल स्टँडला घट्ट बांधावा लागेल, खिडक्या बंद करून ट्यूबलाइटच्या किंवा दिव्याच्या स्थिर उजेडात काम करावे लागेल, कारण ऊन सरकले की चित्रात उजेड लुकलुकतो. तीन-चार गटांना पुरतील इतके तारेचे सांगाडे आणि काही बॉल-सॉकेट सांधे मी करून आणतो, एक जुना सरफेस गेजही आणतो. आपण फक्त माती तेवढी आणावी. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली शाडू या कामाला चालणार नाही, ती वाळली की सांध्यावर तडकते. तेलात मळलेली, न वाळणारी मॉडेलिंगची माती स्टेशनरीच्या दुकानात मिळते, ती घ्यावी, आणि एकाच रंगाची घ्यावी, म्हणजे मुलांची बोटे लागून रंग मिसळणार नाहीत.